शेवटच्या ग्राहकाचा हिशेब

टेलिफोन एक्सचेंजचा खर्च ग्राहकांच्या संख्येबरोबर उतरत नाही. दहा हजार जोडण्यांसाठी उभारलेल्या एक्सचेंजमध्ये हजारच जोडण्या उरल्या तरी स्विच रूमचा एसी चालूच ठेवावा लागतो, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज कराव्याच लागतात. जनरेटरचे डिझेल, पहारेकऱ्याचा पगार, इमारतीचा कर, जमिनीखालच्या तांब्याच्या केबलची डागडुजी यांतले काहीच सुटत नाही. उत्पन्न मात्र एकेका ग्राहकागणिक गळत जाते. खर्च खाली येतो तो शेवटचा ग्राहक नव्या जाळ्यावर गेला आणि जुन्या यंत्राचा मेन स्विच बंद झाला, त्याच दिवशी. जुन्या जाळ्यावरून इंटरनेट प्रोटोकॉलच्या, म्हणजे आयपीच्या जाळ्यावर जाताना दूरसंचार कंपनी तरते की बुडते, हे मुख्यतः या एका गोष्टीवर ठरते. आणि भारतात या दिवसाची तारीख कुणीच जाहीर केलेली नाही. तांब्याच्या लँडलाइनची नाही आणि टूजीचीही नाही. ही चालढकल आता धोक्याच्या रेषेवर आली आहे.

चालढकलीची किंमत पाहायला मुंबईकरांना लांब जायला नको. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, सुरू झाली, तेव्हा फोनसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत असत. घरी फोन लागला की पेढे वाटले जात आणि अख्ख्या चाळीचे निरोप त्या एका फोनवर येत. ज्या कंपनीच्या दारात गिऱ्हाईक रांग लावून उभे होते, तिच्यावर २०२५ च्या मध्याला सुमारे ३४ हजार कोटी रुपयांचे कर्ज होते, सरकारी बँकांचे हप्ते थकले होते आणि कामकाज चालवण्याची जबाबदारी बीएसएनएलकडे गेली होती. कारणे अनेक आहेत. २०१० मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँड स्पेक्ट्रमसाठी सुमारे ११ हजार कोटी रुपये भरावे लागले आणि त्यासाठी काढलेल्या कर्जातून कंपनी पुन्हा वर आलीच नाही, हे त्यांतले मोठे. पण त्याच काळात कूपरेज, गामदेवी, प्रभादेवी अशा मोक्याच्या जागी उभी असलेली एक्सचेंजे कमी कमी ग्राहकांसाठी पूर्ण खर्चाने चालत राहिली. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या, पैसे मोजायला तयार असलेल्या शहरात फायबरवर जाणे जगात कुठेही असेल तितके सोपे होते. ते वेळेत झाले नाही. नव्या जाळ्याला पैसा उरला नाही, कारण जुने जाळे तो रोज खात होते.

जुन्या पद्धतीत नंबर फिरवला की तुमच्यापासून समोरच्या माणसापर्यंत ६४ किलोबिटची एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाते. तुम्ही बोला किंवा गप्प राहा, फोन ठेवेपर्यंत ती वाट दुसऱ्या कुणाला मिळत नाही. अशा तीस वाटांची एक मोळी म्हणजे ई-वन. आयपीमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि ते व्हिडिओ, बँकेचे व्यवहार, शाळेचा ऑनलाइन तास यांच्याबरोबर एकाच रस्त्याने, मिळेल त्या जागेतून धावतात. बोलण्याचे, डेटाचे आणि टीव्हीचे अशी वेगवेगळी जाळी सांभाळावी लागत नाहीत. आयपीतला फायदा हाच आहे आणि तो एकच जाळे उरले तरच हाती लागतो. जुन्याच्या शेजारी नवे मांडून ठेवले तर दोन चुलींना सरपण लागते.

जुन्या यंत्रांचे वयही झाले आहे. आपल्या सरकारी एक्सचेंजांत सीमेन्सची ईडब्ल्यूएसडी होती, अल्काटेलची ओसीबी होती, ल्यूसेंटची फाइव्ह-ईएसएस होती. एकेकाळी कट्टर स्पर्धक असलेल्या या तिन्ही कंपन्यांचा दूरसंचार व्यवसाय विलीनीकरणे होत होत शेवटी एकट्या नोकियाच्या पोटात गेला. त्या यंत्रांचे सुटे भाग मिळवायचे तर ते बंद पडलेल्या एक्सचेंजांतून काढून आणणे हाच मार्ग उरतो. सॅम पित्रोदांच्या काळात, १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी छोटी, एसीशिवाय चालणारी एक्सचेंजे घडवली. ती आपल्या तंत्रज्ञांची अभिमानाची कामगिरी होती आणि आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीची कामगिरी आजच्या ग्राहकाला सेवा देत राहील, अशी अपेक्षा त्या तंत्रज्ञांनीसुद्धा केली नसती.

बीएसएनएलने काहीच केले नाही असे नाही. दहाएक वर्षांपूर्वीच तिने एक्सचेंजचा मेंदू बदलायला घेतला आणि जुनी यंत्रे काढून आयपीवर चालणारी नव्या पिढीची यंत्रे बसवायला सुरुवात केली. पण मेंदू नवा आणि नसा तांब्याच्याच राहिल्या. रस्ता खणला की केबल तुटते, पावसाळ्यात रस्त्याकडेच्या जोडपेटीत, म्हणजे पिलरमध्ये पाणी शिरते, इमारतीजवळच्या वितरण पेटीवर, म्हणजे डीपीवर गंज चढतो आणि ग्राहक लाइनमनची वाट पाहत बसतो. त्याला मिळणारी सेवा बदलली नाही, म्हणून त्याचे बिल वाढले नाही. तांबे गेले नाही, म्हणून खर्चही कमी झाला नाही. अर्धे स्थलांतर हा सगळ्यांत महागडा पर्याय आहे, हे अनेक देशांनी पैसे मोजून शिकलेले सत्य आपण पुन्हा पैसे मोजून शिकलो.

आणि क्रम उलटा लागला. जानेवारी २०२० च्या अखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलमधून ७८ हजारांवर आणि एमटीएनएलमधून १४ हजारांवर कर्मचारी बाहेर पडले. पगाराचा बोजा हलका होणे गरजेचे होते, याबद्दल वाद नाही. पण आधी जाळे आकसायचे आणि मग माणसे कमी करायची, असा तो क्रम हवा होता. जाळे तेवढेच राहिले आणि तारांची कोणती जोडी कोणत्या पिलरमधून कुठल्या इमारतीत जाते, हे ज्यांना तोंडपाठ होते ते जॉइंटर आणि लाइनमन एका संध्याकाळी निघून गेले. त्यानंतर बंद पडलेले कित्येक फोन पुन्हा सुरूच झाले नाहीत. २००६ च्या सुमारास देशात ५ कोटी लँडलाइन होत्या. पंधरा वर्षांत त्या २ कोटींवर आल्या. मग आकडा पुन्हा चढू लागला तो फायबरमुळे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तारेच्या जोडण्यांत जिओने बीएसएनएलला मागे टाकले. लोकांना तारेचा फोन नको झाला होता असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा. लोकांना नको होता तो न वाजणारा फोन.

आता मोबाइलकडे वळू, कारण धोक्याची घंटा तिथे जास्त मोठ्याने वाजते आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली ती टूजी-थ्रीजीचा एकही टॉवर न लावता, केवळ आयपीवर. तिच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांशी बोलायचे तर मात्र त्या कंपन्यांच्या जुन्या ई-वन जोडण्यांतूनच जावे लागे. त्या जोडण्या पुरेशा मिळत नाहीत म्हणून तंटा पेटला आणि दूरसंचार नियामक ट्रायने तीन जुन्या कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. दंडाचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण कॉल पोहोचवण्यासाठी एका कंपनीने दुसरीला द्यायचे शुल्क मिनिटाला १४ पैशांवरून ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. मिनिटे विकून पैसे मिळवण्याचा शंभर वर्षांचा धंदा तिथे संपला. जे जाळे मिनिटे विकण्यासाठीच बांधले होते, ते मात्र अजून चालू आहे.

एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद करून ती हवाई जागा फोरजीला दिली. हे शहाणपणाचे पाऊल होते. टूजी मात्र कायम राहिले. व्होडाफोन आयडियाच्या सुमारे २० कोटी ग्राहकांपैकी जवळपास ७ कोटी २०२५ च्या मध्यापर्यंतही फोरजी किंवा फाइव्हजीवर आलेले नव्हते. याच कंपनीची दरमाणशी मासिक मिळकत तीन खासगी कंपन्यांत सर्वांत कमी आहे. जाळ्यात घालायला पैसा नाही म्हणून ग्राहक जातात, ग्राहक जातात म्हणून पैसा येत नाही, आणि मागे राहतात ते सर्वांत कमी बिल भरणारे. त्यांच्यासाठी ९०० मेगाहर्ट्झसारखा, भिंतींतून आणि डोंगरांपलीकडे पोहोचणारा मोलाचा स्पेक्ट्रम अडकून पडतो.

जानेवारी २०२४ मध्ये जिओने ट्रायकडे टूजी-थ्रीजी पूर्ण बंद करण्याचे धोरण मागितले. ज्या कंपनीकडे टूजी नाहीच तिने असे मागण्यात तिचा स्वार्थ आहे, हे उघड आहे. सरकारचे उत्तर होते की हा व्यावसायिक निर्णय आहे, तो कंपन्यांनी घ्यावा. एरवी हे उत्तर पटले असते. पण बीएसएनएलचे मालक सरकार आहे. एमटीएनएलमधला सर्वांत मोठा भागधारक सरकार आहे. आणि एप्रिल २०२५ पासून व्होडाफोन आयडियाचे जवळपास ४९ टक्के भागभांडवलही सरकारकडे आहे. टूजी चालवणाऱ्या कंपन्यांपैकी एअरटेल सोडली तर प्रत्येकीत करदात्याचा पैसा आहे. अशा वेळी ‘कंपन्यांनी ठरवावे’ असे म्हणणे म्हणजे निर्णय टाळणे होय.

करदात्याचा हा पैसा थोडा नाही. २०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन पॅकेजांत मिळून सुमारे ३ लाख २२ हजार कोटी रुपये बीएसएनएल-एमटीएनएलसाठी मंजूर झाले. त्यातून काही चांगले उभे राहिले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून फोरजीची संपूर्ण स्वदेशी यंत्रणा बनवली आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून तिचे उद्घाटन झाले. अशी यंत्रणा स्वतः बनवू शकणारे देश जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०२४-२५ च्या शेवटच्या दोन तिमाहींत बीएसएनएलने सतरा वर्षांनी नफा दाखवला, तेव्हा अनेकांच्या आशा पालवल्या. पुढच्याच तिमाहीत ती पुन्हा हजार कोटींहून अधिक तोट्यात गेली. नव्या यंत्रांचा घसारा आता दर तिमाहीला खात्यावर पडणार. जुन्याचा खर्च पुसला गेला नाही, तर नव्याचा नफा दिसणार तरी कुठे?

पण ‘बंद करा’ म्हणणे सोपे आहे आणि आम्ही ते तेवढ्यावर सोडू इच्छित नाही. टूजीवर आज कोण आहे, हे पाहायला हवे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवले. शेतकऱ्याने मोबाइलवरून कळ दाबली की दूरच्या विहिरीवरचा पंप चालू किंवा बंद होतो. महाराष्ट्रात शेतीची थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीला येते. त्या वेळी बांधावरून, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीपर्यंत जाण्याची पायपीट अशा यंत्रांनी वाचवली. आज तसे मोबाइल स्टार्टर कितीतरी कंपन्यांचे मिळतात आणि शिवारांतल्या स्टार्टरच्या पेट्यांत बसलेली कितीतरी सिम कार्डे टूजीची आहेत. दुकानातली जुनी कार्ड स्वाइप यंत्रे, ट्रकमधले जीपीएस, साध्या फोनवर येणारा बँकेचा ओटीपी, हे सगळे त्याच जाळ्यावर उभे आहे. शिवाय अनेक फोरजी ग्राहकांच्याही फोनमध्ये फोरजीवरूनच बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टी चालू नसते. बोलायची वेळ आली की तो फोन गुपचूप टूजीवर उतरतो आणि त्या ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो.

ऑस्ट्रेलियाने हाच धोका अनुभवला. तिथे टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद केले, तेही तारीख पुढे ढकलून. कारण असे आढळले की काही फोन एरवी फोरजीवर व्यवस्थित चालत, पण आपत्कालीन ००० क्रमांक लावला की थ्रीजी शोधत. असे फोन हुडकून त्यांच्या मालकांना आधीच कळवावे लागले आणि न बदललेले फोन जाळ्यावरून रोखावे लागले. आपल्याकडे आपत्कालीन ११२ क्रमांकाच्या बाबतीत ही तपासणी व्हायला हवी, आणि ती टूजी बंद होण्याच्या आधी दोन वर्षे तरी सुरू व्हायला हवी.

ब्रिटनची गोष्ट अधिक बोलकी आहे. बीटीने २००४ मध्ये सगळे जाळे आयपीवर नेण्याची १० अब्ज पौंडांची योजना जाहीर केली, २००६ मध्ये कार्डिफ परिसरात सुरुवातही केली, आणि काही वर्षांतच सर्वसामान्यांच्या साध्या फोनचे स्थलांतर बाजूला ठेवले. डेटाचे जाळे नवे झाले, आवाजाचे जुनेच राहिले. त्याची भरपाई आजही चालू आहे. जुना फोन बंद करण्याची तारीख डिसेंबर २०२५ ठरली होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत ढकलावी लागली. कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात किंवा मनगटावर मदतीचे बटण असते. ते दाबले की फोनच्या तारेवरून मदतकेंद्राला इशारा जातो. अशी यंत्रे वापरणारे सुमारे १८ लाख लोक तिथे आहेत. त्यांच्यातले कोण कोणत्या तारेवर आहेत याची यादीच फोन कंपन्यांकडे नव्हती. वीस वर्षांपूर्वी जे काम एकेक भाग पुरे करत करता आले असते, ते शेवटी सगळीकडे एकदम येऊन पडले.

स्पेनच्या टेलिफोनिकाने उलट वाट धरली. तिने एक्सचेंज हे हिशेबाचे एकक मानले. एका एक्सचेंजच्या हद्दीत फायबर पुरे पसरवायचे, सगळ्या ग्राहकांना हलवायचे, आधी सूचना देऊन ते एक्सचेंज कायमचे बंद करायचे आणि मग पुढच्याकडे वळायचे. मे २०२५ मध्ये तिने तांब्याची उरलेली ६६१ एक्सचेंजे बंद केली आणि काम संपवले. दर वेळी एक्सचेंज बंद झाले की त्याची वीज, त्याची जागा आणि त्याचे तांबे तेवढ्यापुरते तिजोरीत परत येई. जपानमधल्या एनटीटीने तिसरा मार्ग घेतला. जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५ या वर्षभरात तिने मधले जाळे आयपीवर नेले आणि घरातला फोन, तार, नंबर यांना हातही लावला नाही. आयपीत अंतराला किंमत नसते, म्हणून देशभर कुठेही बोला, तीन मिनिटांना एकच दर तिने लावला. ग्राहकाला बदलाची ओळख झाली ती स्वस्त बिलातून. आपल्याकडे ती होते बंद फोनमधून.

आपल्याला स्पेनची वाट घेता येईल का? येईल, आणि ती वाटते तितकी महाग नाही. बीएसएनएलच्या महाराष्ट्र परिमंडळात मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा येतो. त्यातले एकेक शहर, एकेक एक्सचेंज घेऊन हे काम करता येते. फायबर घरापर्यंत नेणारे हात आपल्याकडे तयार आहेत: गल्लीतले केबल ऑपरेटर. बीएसएनएलच्या फायबर जोडण्या आजही मोठ्या प्रमाणात अशाच स्थानिक भागीदारांमार्फत, उत्पन्नात वाटा देऊन होतात. हा माणूस तक्रार आली की त्याच दिवशी शिडी घेऊन येतो, कारण त्याचे पोट त्या जोडणीवर आहे. त्याचा वाटा वेळेवर देणे, हे कुठल्याही महागड्या सल्लागाराच्या अहवालापेक्षा जास्त ग्राहक टिकवील. केंद्राचे भारतनेट आणि राज्याचे महानेट यांतून तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत टाकलेल्या फायबरचा उपयोगही इथेच आहे. ते फायबर ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या बंद पेटीपाशी थांबण्यात कुणाचाच लाभ नाही.

नफ्याची सुरुवात मात्र घरगुती फोनपासून करू नये. बँका, रुग्णालये, कारखाने, सरकारी कार्यालये आजही तीस वाटांच्या पीआरआय लाइन आणि जुन्या लीज्ड लाइन वापरतात. हे ग्राहक वेळेवर बिल भरतात आणि खंड पडलेला त्यांना चालत नाही. त्यांना फायबरवर, आयपीवरच्या आवाजाच्या जोडणीवर आधी न्यावे. त्याच तारेवर त्यांना इंटरनेट, शाखा जोडणारे खासगी जाळे, कॅमेऱ्यांची सोय असे आणखी काही विकता येते. या मिळकतीतून त्याच एक्सचेंजच्या हद्दीतल्या घरांचा खर्च निघावा. खासगी कंपन्यांनी हे मोठे ग्राहक आधीच उचलायला सुरुवात केली आहे. आणखी दोन-तीन वर्षे वाट पाहिली, तर सरकारी कंपन्यांकडे उरतील ती फक्त न परवडणारी घरे.

टूजीचा हिशेबही मांडून पाहावा. फोरजीवर बोलता येणारा साधा फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना बाजारात आला. असे पंधरा कोटी फोन अगदी फुकट द्यायचे ठरवले, तरी १५ हजार कोटी रुपये लागतील. वर सांगितलेल्या तीन पॅकेजांच्या रकमेच्या हे पाच टक्केही नाहीत. कंपन्यांच्या उत्पन्नाचे पाच टक्के ज्या सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीत जातात, त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षे अखर्चित राहत आली आहे. हा निधी ज्या माणसासाठी गोळा होतो, तो हाच टूजीवरचा माणूस आहे. त्याच्या पंपाच्या पेटीतले सिमसुद्धा याच निधीतून बदलून द्यावे.

एक गोष्ट मात्र घाईत सुटता कामा नये. तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधूनच वीज मिळे. घरातले दिवे गेले तरी तो वाजत असे. फायबरच्या पेटीला घरची वीज लागते आणि मोबाइल टॉवरला डिझेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, दापोली भागांत वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही गेले. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली मुले कित्येक दिवस आई-वडिलांची खुशाली कळायची वाट पाहत होती. जुने जाळे काढताना त्याचा हा एक गुण नव्यात उतरवणे, ही परवान्याची अट असली पाहिजे: किनारपट्टीवर, डोंगराळ तालुक्यांत आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत टॉवरला किती तासांची बॅटरी असेल आणि घरातल्या पेटीला कोणती, हे कागदावर आणि तपासता येईल असे हवे.

दूरसंचार विभागाने आता एक्सचेंजवार यादी काढावी. कुठे किती तांब्याच्या जोडण्या उरल्या, त्या हद्दीत फायबर कधी पुरे होईल आणि एक्सचेंज कोणत्या तारखेला बंद होईल, हे तीन रकाने पुरेत. टूजीसाठी अशीच यादी तालुक्यावार असावी. ती एक्सचेंजच्या फाटकावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि ग्राहकाच्या बिलावर मराठीत छापलेली असावी, आणि पहिली तारीख याच आर्थिक वर्षातली असावी.